निसर्ग उद्यान, धारावी: लॉन शोधू नका, पावसाळ्यात जा

साडेचार तारे. उरलेला अर्धा डासांनी खाल्ला. पूर्ण बाह्यांचे कपडे आणि ओडोमॉस, दोन्ही हवंच.

शीव-वांद्रे लिंक रोडवरच्या धारावी बस डेपोसमोर महाराष्ट्र निसर्ग उद्यान आहे. आमच्या शाळेतल्या एक बाई म्हणाल्या, "तिथे काय बघायचं? कचराच होता ना?" होताच की! १९७७पर्यंत तिथे मुंबईचा कचरा पडायचा. १९८३मध्ये सलीम अलींच्या हातून पहिलं झाड लागलं आणि १९९४मध्ये उद्यान लोकांसाठी खुलं झालं. आता त्या ३७ एकरांत भर दुपारीही सावली असते. झोपाळे-घसरगुंडीच्या आशेने मुलांना नेलंत तर मात्र ती कंटाळतील. ही बाग नाही, रान आहे.

जो तो सांगतो, हिवाळ्यात जा. हिवाळ्यात पक्षी चांगले दिसतात, मान्य. उन्हाळ्यात बहावा फुलतो, पण तो काय, मुंबईच्या रस्त्यांवरही दिसतो. मला विचाराल तर श्रावण-भाद्रपदासारखे महिने नाहीत. सर येऊन गेली, जरा ऊन पडलं की फुलपाखरं बाहेर पडतात. आपलं राज्य फुलपाखरू नीलवंत काळं मखमली, पंखांवर निळे पट्टे. फोटोसाठी म्हणाल तर एक क्षण स्थिर बसायचं नाही. हळदीकुंकू नावाचं फुलपाखरू त्यापेक्षा सोशिक. उडताना ते साधं पांढरं दिसतं. पंख मिटून बसलं की खालची पिवळीजर्द बाजू आणि कडेचे लाल-केशरी ठिपके दिसतात, म्हणून ते बसेपर्यंत मागे लागायचं नाही.

पावसाळा सरता सरता वर बघत चालावं. दोन झाडांच्या मध्ये जायंट वुड स्पायडर या मोठ्या कोळ्याचं जाळं असतं, उन्हात त्याचे धागे चक्क सोनेरी दिसतात. मधोमध पाय पसरलेली, तळहाताएवढी मादी. त्याच जाळ्यात कडेला नखाएवढा तांबूस जीव असतो, तो तिचं पिल्लू नव्हे, नवरा! आमच्या ह्यांनी त्याच्याकडे फार आपुलकीने पाहिलं.

मागच्या बाजूला मिठी नदी. काठाला तिवरं, पलीकडे बीकेसीच्या (वांद्रे-कुर्ला संकुलाच्या) काचेच्या इमारती. ओहोटीला वास येतो, त्याला इलाज नाही. तरी खंड्या आणि बगळे बघायचे तर तिकडेच जावं लागतं.

घोळक्याने जाऊ नका. मागे एक ग्रुप मोबाइलवर गाणी लावून फिरत होता आणि "इथे काहीच दिसत नाही" म्हणून कुरकुरतही होता. दिसणार कसं? दोघं-तिघं जा, सकाळी जा, आणि छत्रीऐवजी रेनकोट घ्या. पायवाटा अरुंद आहेत, छत्री उघडली की कोळ्यांची जाळी तुटतात.