रोबोटो स्लॅब: आठ महिने टॉवेलच्या लेबलांवर वापरून

सोलापुरात माझं डीटीपीचं काम आहे, म्हणजे टॉवेल-चादरीची लेबलं, पॉलिबॅग, खोक्यांवरची छपाई, मधूनच शेंगा चटणीची पाकिटं. गेले आठ महिने यातलं सगळं इंग्रजी रोबोटो स्लॅब या फॉन्टमध्ये करतोय.

त्याआधी एका हॉटेलच्या टॉवेलला विणलेलं लेबल होतं, मी हौसेनं बोडोनी फॉन्ट लावला, स्क्रीनवर एकदम श्रीमंत दिसत होता. लेबल विणून आलं तर 'एच'ची मधली आडवी रेघच गायब, नुसते दोन खांब उभे! बोडोनीतल्या बारीक रेघा केसाएवढ्या, आणि विणकामात धाग्यापेक्षा बारीक काही निघतच नाही, ही अक्कल हजार लेबलं वाया गेल्यावर आली. लेबलवाल्याला काय बोलणार, चूक माझीच की ओ.

सेरिफ म्हणजे अक्षराच्या टोकांना असलेले छोटे पाय; रोबोटो स्लॅबसारख्या स्लॅब सेरिफ फॉन्टमध्ये ते निमुळते नसतात, फळीसारखे चौकोनी आणि जाड असतात, रेघाही उभ्या-आडव्या जवळपास सारख्याच, त्यामुळे धाग्यात काय आणि पॉलिबॅगवर शाई पसरली तरी काय, अक्षर तग धरतं. हा प्रकार जन्मलाच मुळी लांबून दिसायला, १८१५ च्या सुमारास लंडनच्या व्हिन्सेंट फिगिन्सनी असला टाइप काढला तो पोस्टर-हँडबिलांच्या जमान्यात. तेव्हा त्याला इजिप्शियन पण म्हणायचे, इजिप्तचा काही संबंध नसताना! रोबोटो स्लॅब अलीकडचा, २०१३ चा, ख्रिश्चन रॉबर्टसननी गूगलसाठी केलेला, फुकट आहे आणि धंद्यात वापरायलाही मोकळा. याच प्रकारातला रॉकवेल मला जास्त देखणा वाटतो, पण त्याला पैसे पडतात.

आता कटकटी. बारीक साइजमध्ये 'आर' आणि 'एन' शेजारी आले की पाय एकमेकांना टेकतात आणि 'एम' वाचलं जातं. 'मॉडर्न' नावाच्या गिऱ्हाइकाच्या वॉशकेअर लेबलवर हे प्रूफमध्येच दिसलं म्हणून वाचलो. सहा पॉइंटला मी आता अक्षरांतलं अंतर थोडं वाढवतोच. इटॅलिक नाहीच, सॉफ्टवेअर जबरदस्तीनं तिरपं करतं ते पडायला आलेल्या कपाटासारखं दिसतं. जागाही जरा जास्त खातो.

सगळ्यात मोठी अडचण म्हणजे देवनागरी नाही. मराठीला मी 'मुक्त' नावाचा देवनागरी फॉन्ट लावतो, पण बोल्डला बोल्ड ठेवलं तर जमत नाही, शिरोरेषेनं मराठी ओळ आधीच भरलेली दिसते, म्हणून इंग्रजी बोल्ड असेल तर मराठी एक पायरी हलकं घेतो आणि साइज नजरेनं जुळवतो. आकडे मात्र झकास, खोक्यावरचं '30 × 60' गोडाऊनच्या दुसऱ्या टोकावरून वाचता येतं, हमाल लोक पण खूश.

परवा चादरवाल्या शेठनी पोरीच्या लग्नपत्रिकेत "तोच खोक्यावरचा फॉन्ट" मागितला. एक प्रूफ काढून दाखवलं, त्यांनीच हसत परत केलं, म्हणाले ही तर टेंडर नोटीस दिसतीय.