८×४२ दुर्बीण : वढवाणा तलावाच्या पाळीवर वापरून पाहिली

मेळ्यात, रस्त्यावर ‘३० पट’, ‘५० पट’ असे आकडे छापलेल्या दुर्बिणी मिळतात, त्यांच्या नादी लागू नका. मी बडोद्याच्या रावपुऱ्यातल्या एका चष्म्याच्या दुकानातून ८×४२ घेतली, साडेआठ हजारांना. ८ म्हणजे आठपट जवळ, ४२ म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास, मिलिमीटरमध्ये. ४२ ला ८ ने भागा: मागच्या भिंगातून सव्वापाच मिलिमीटरचं उजेडाचं वर्तुळ बाहेर पडतं, म्हणून पहाटेच्या धुरकट उजेडातही चित्र काळवंडत नाही. दहापटीत हाताचा कंप पण दहापट दिसतो, आणि साठीनंतर हात कुणाचं ऐकतात?

चष्मा असणाऱ्यांनी दुकानातच रबरी कप आत फिरवून बघावं. चष्म्यासकट पूर्ण गोल दिसला तरच पैसे द्यावेत. मला दिसला.

खरी परीक्षा डभोईजवळच्या वढवाण्याला. हा तलाव बडोदा संस्थानाने १९१० साली शेतीच्या पाण्यासाठी केला. २०२१ मध्ये त्याला रामसर दर्जा, म्हणजे महत्त्वाची पाणथळ जागा म्हणून आंतरराष्ट्रीय मान्यता, मिळाला. मध्य आशियाच्या हवाई मार्गाने येणाऱ्या ८० हून जास्त जातींचे पक्षी इथे हिवाळा काढतात. लोक पाळीवर उभं राहून ‘काय निसर्ग आहे!’ म्हणतात, निसर्ग आहेच, पण तो माणसाने अडवलेल्या पाण्यावर बसलाय.

नुसत्या डोळ्यांना लांब काठावर करडे ठिपके दिसतात. दुर्बीण लावली की कळतं, पक्षी कसेही बसलेले नाहीत. ओल्या चिखलात तुतारी हा छोटा पक्षी टोचे मारतोय. वीतभर पाण्यात शेकाट्या, लांब गुलाबी पाय, पोटाला थेंब लागू न देता. त्याच्यापुढे थापट्या बदक चोच पाण्यात बुडवून सरकतंय. चोचीच्या कडेची बारीक कंगव्यासारखी झालर पाण्यातले जीव गाळून घेते, हे मी वर्षानुवर्षं फळ्यावर काढून शिकवलं. आणखी आत, खोल पाण्यात लालसरी बदकं बुडी मारतात. पाय आणि चोचीच्या मापाने तलाव वाटून घेतलाय. म्हणजे पाणी हातभर वर ठेवलं की चिखल बुडाला, तुतारीचं ताट गेलं. पुरतं खाली सोडलं की बुडी मारणाऱ्यांची पंचाईत. कोण येणार हे बरंचसं कालव्याच्या दारावर ठरतं, आणि ते दार पक्ष्यांसाठी बांधलेलं नाही.

पट्टकादंब हे रानहंस मात्र दुपारी पाण्यात, रात्री-पहाटे रानात. आमच्या भाऊजींचं शेत त्याच बाजूला आहे. दुर्बीण हातात दिली तर म्हणाले, ‘वहिनी, तुमचे पाहुणे माझा गहू खाऊन जातात, आणि तुम्ही त्यांचं कौतुक करता!’ त्यांचं खोटं नाही, कोवळी पाती हे पक्षी चरतातच. मी म्हटलं, तुमच्या गव्हातला नायट्रोजन ते विष्ठेतून तलावात टाकतात. शिवाय जास्तीचा युरिया पावसाबरोबर वाहून जातो तो वेगळाच. खत वाढलं की शेवाळ, जलपर्णी माजतात. त्या कुजताना पाण्यातला ऑक्सिजन संपतो, मग मासे तडफडतात. भाऊजींनी दुर्बीण परत माझ्या हातात दिली आणि चहा सांगितला.

आता खोड्या. दोन डोळ्यांच्या नजरेतला फरक जुळवायचं उजव्या डोळ्याचं कडं सैल आहे, पिशवीत घासून आपोआप फिरतं. मी त्यावर चिकटपट्टी लावलीय. पुढची झाकणं दोऱ्याला बांधलेली नाहीत, एक केव्हाच वढवाण्यात गेलं. वजन पाऊण किलोच्या आसपास, त्यात सोबत दिलेला पट्टा नायलॉनचा, मान कापतो. जवळचं मात्र झकास: दोन मीटरवर बसलेल्या चतुराच्या पंखाच्या शिरा मोजता आल्या, त्यासाठी एक तारा जास्त.

पाचपैकी चार. पट्टा बडोद्यातल्या मांडवीतून रुंद, कापडी, वेगळा घ्या.