मेसचा ओला कचरा: बायोगॅस की कंपोस्ट?

एका विद्यापीठाच्या हॉस्टेल समितीपुढे हा पेच आहे.

खर्चात कंपोस्ट सरळ जिंकतं: विटांचे हौद, सुका पाला, दोन माणसं. बायोगॅसला मिक्सर, टाक्या, पाइपलाइन आणि रोज लक्ष देणारा जाणता ऑपरेटर लागतो.

मिळकतीत मात्र बायोगॅस पुढे. भाभा अणुसंशोधन केंद्रात डॉ. शरद काळे यांनी विकसित केलेल्या ‘निसर्गऋण’ प्रकल्पात कचरा आधी हवेच्या सान्निध्यात, गरम पाण्याच्या मदतीने कुजवतात आणि मग अशा टाकीत सोडतात, जिथे जिवाणू त्यापासून मिथेन हा जळणारा वायू बनवतात. गॅस मेसच्याच शेगडीला येतो, वर खतही मिळतं. पण हाडं, करवंट्या, अंड्याची टरफलं वेगळी काढावीच लागतात. ताटं खरवडतानाच दोन डबे नसतील तर प्रकल्प बंद पडलाच म्हणून समजा.

माझ्या मते खरी परीक्षा मे महिन्यात. हॉस्टेल रिकामं झालं की टाकीतले जिवाणू उपाशी राहतात. जूनमध्ये एकदम भरपूर अन्न ओतलं की आम्लता वाढून गॅस थांबतो. कंपोस्टला सुट्टी चालते, थोडं पाणी मारलं की पुरे.

वर्षभर मेस चालू असेल आणि ऑपरेटरचा पगार बजेटमध्ये कायमचा धरला असेल, तर बायोगॅस घ्या. सुट्ट्या लांबलचक आणि आवारात झाडं भरपूर असतील, तर कंपोस्ट. झाडांचा पाला तसाही बायोगॅसमध्ये नीट पचत नाही.