नॅनो लोखंड की लेथचा चुरा? क्रोमच्या पाण्यासाठी मी काय निवडलं

धुळ्याजवळ आतेभावाचा क्रोम प्लेटिंगचा छोटा शेड आहे. जॉब धुतलेलं पिवळं पाणी टाकीत साठतं. त्यातलं हेक्साव्हॅलंट क्रोमियम लिटरला ०.१ मिलिग्रॅमच्या आत आल्याशिवाय ते बाहेर सोडता येत नाही. मी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवतो, म्हणून प्रश्न माझ्याकडे आला: "दादा, लोखंडाने पाणी साफ होतं म्हणतात. मग कोणतं लोखंड घेऊ?"

लोखंड गंजताना क्रोमियमला इलेक्ट्रॉन देतं, विषारी सहा-संयुजी क्रोमियम तीन-संयुजी होतं आणि चुना टाकला की गाळ होऊन खाली बसतं, हे तुम्हाला ठाऊक असेलच. हिराकशीनेही (फेरस सल्फेट) तेच काम होतं आणि बहुतेक शेडांत तीच चालते. आम्हाला फक्त तिचा गाळ फार वाटला. उरले दोन पर्याय: नॅनो लोखंड, म्हणजे डोळ्यांना न दिसणारे लोखंडाचे अतिसूक्ष्म कण, आणि लेथवर निघणारा लोखंडाचा चुरा.

आधी नॅनोचं कौतुक करतो, कारण ते खरं आहे. अमेरिकेतल्या लीहाय विद्यापीठात वांग आणि झांग यांनी १९९७ मध्ये हे कण वापरून दाखवले, तेव्हा त्यांच्या एका ग्रॅमचं पृष्ठफळ ३३.५ चौरस मीटर भरलं; बाजारातल्या लोखंडी भुकटीचं जेमतेम ०.९. आमच्या प्रयोगशाळेत हा फरक आकड्यांपेक्षा आधी डोळ्यांना दिसला. क्रोमच्या पाण्याच्या बीकरमध्ये नॅनो कणांचं काळं पाणी ओतलं, ढवळलं, तळाशी चुंबक धरलं आणि वरचं पाणी नितळ. डायफेनिलकार्बाझाइड टाकलं (सहा-संयुजी क्रोमियम असेल तर ते गुलाबी होतं) तर गुलाबी छटासुद्धा नाही. पोरांनी टाळ्या वाजवल्या, आणि खोटं कशाला बोलू, मीही हरखलो.

मग ती बाटली डिकीत टाकून शेडवर नेली. मे महिना होता. धुळ्याचा मे कसा असतो ते काय सांगायचं. संध्याकाळी उशीर झाला म्हणून काम सकाळवर ढकललं. सकाळी बूच उघडलं तर फस्स करून हायड्रोजन निघाला आणि आतला काळा रंग तपकिरीकडे झुकलेला. टाकीवरचा माणूस वाकून बघत म्हणाला, "दादा, हाई ते शियं व्हई गयं!" शियं म्हणजे शिळं. इतका नेमका शब्द मला पाठ्यपुस्तकात सापडला नव्हता.

माझा निर्णय त्या शिळेपणाने केला. नॅनो लोखंड जितकं चपळ, तितकंच हवेशी आणि पाण्याशीही चपळ. क्रोमियम येईपर्यंत ते थांबत नाही. वाळवून ठेवू म्हटलं तर गाळणकागदावरच कण धुमसून लाल झाले. नायट्रोजनचा सिलिंडर, स्पिरिटमध्ये साठवण, हे सगळं प्रयोगशाळेत जमतं. शेडमध्ये दर खेपेला ताजं करायचं तर फेरिक क्लोराइडमध्ये सोडियम बोरोहायड्राइड थेंबथेंब सोडत कोण बसणार? ते रसायन महाग, विषारी, ओल लागली की हायड्रोजन सोडणारं, आणि शेजारी वेल्डिंग चाललेलं. हवेत टिकणारी नॅनो भुकटी चेक प्रजासत्ताकात बनते, पण तीही आधी पाण्यात भिजवून जागी करावी लागते. मी ती वापरलेली नाही, त्यामुळे तिच्याबद्दल जास्त बोलत नाही.

दुसरा पर्याय म्हणजे लेथवरचा बिडाचा (कास्ट आयर्नचा) चुरा. भंगारवाले त्याला बोरिंग म्हणतात. (पहिल्यांदा फोनवर "बोरिंग पाहिजे" म्हटलं तर समोरच्याने किती फूट म्हणून विचारलं.) बीडच घ्या, कारण ते बहुधा कोरडंच कापतात. पोलादाच्या चिपांना तेल चिकटलेलं असतं. ते कॉस्टिकने धुवून काढण्यात दिवस जातो.

चुऱ्याची चाल बैलगाडीची, हे मान्य. नॅनोने मिनिटांत केलेल्या कामाला आमच्या ड्रमला रात्र लागते. चुऱ्यावर पापुद्रा धरतो, थर घट्ट बसतो, म्हणून वाळू मिसळावी लागते आणि मधूनमधून सळई मारावी लागते. पण धुवणीचं पाणी मुळात आम्लधर्मी असल्याने चुरा बराच काळ उघडा राहतो. त्या आम्लात लोखंड नाहक विरघळतं हे खरं, पण भंगारातलं लोखंड विरघळलं तर जीव तुटत नाही. आणि मुख्य म्हणजे तो पोत्यात पडून राहतो. महिनाभराने उघडा, वरून थोडा तांबूस, आत तसाच.

जाड लोखंडाला कमी लेखू नका. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिनातल्या एलिझाबेथ सिटीला १९९६ मध्ये भूजलाच्या वाटेत लोखंडी चुऱ्याची ४६ मीटर लांब भिंत जमिनीत पुरली होती. पंधरा वर्षांनी तपासलं तेव्हाही ती क्रोमियम अडवत होती.

तुमचं दूषित पाणी खोल जमिनीत असेल आणि चर खणणं शक्य नसेल, तर माझं ऐकू नका. तिथे नॅनोचा काढा बोअरमधून सोडता येतो, चुरा नाही. न्यू जर्सीतल्या ट्रेंटनला २००० मध्ये तसं करूनही पाहिलं होतं. एम.एस्सी.चा प्रकल्प असेल तरी नॅनोच घ्या. फक्त केळीच्या सालीच्या अर्कात केलेल्या कणांना डोळे मिटून शून्य-संयुजी (म्हणजे धातुरूप) लोखंड म्हणू नका, त्यात ऑक्साइडच निघण्याची शक्यता बरीच असते.

रावेर-यावलकडच्या केळीवाल्या मित्रांनी विहिरीतल्या नायट्रेटसाठी विचारलं होतं. त्यासाठी यातलं काहीच नको. लोखंड नायट्रेटचा बहुतांशी अमोनिया करून ठेवतं.

आतेभावाकडे आता दोन ड्रम आहेत. एक चालू असतो, दुसऱ्यातला चुरा तो माणूस आम्लाने खळबळून घेतो. पाणी सोडण्याआधी डायफेनिलकार्बाझाइडचे थेंब मात्र रोज टाकतो, कारण पिवळेपणा दिसेनासा झाला तरी क्रोमियम उरलेलं असू शकतं. नॅनो मी अजून दर जूनला नव्या पोरांसमोर करतो, आणि तास संपायच्या आत वापरून टाकतो.