जयपूरचं ‘मुलांसोबत व्हॉलंटियरिंग + साइटसीइंग’ पॅकेज : फिरणं एक नंबर, शिकवणं जरा विचारून घ्या

माझी भाची कॅनडात वाढलेली, तिला आणि तिच्या तिकडच्याच मैत्रिणीला इंडियात येऊन लहान मुलांसोबत काम करायचं होतं, घरच्यांनी एकटं पाठवायला नको म्हणून मावशीला म्हणजे मला सोबत जोडून दिलं. एजन्सीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, असल्या पॅकेजवाल्या सगळ्यांचा ढाचा साधारण सारखाच असतो. सोमवार ते गुरुवार सकाळी वस्तीतल्या मुलांचा वर्ग, दुपारी जयपूर, आणि वीकएंडला आग्रा.

आधी चांगलं सांगते. राहायची सोय स्वच्छ, ड्रायव्हर वेळेवर, जेवण घरगुती. हवामहल आतून बघायला लावला हे बेस्ट केलं, बहुतेक लोक रस्त्यावरून फोटो काढून निघून जातात, पण एंट्री मागच्या बाजूने आहे आणि वर जायला पायऱ्यांऐवजी उतार आहेत त्यामुळे गुडघेवाल्यांनीही घाबरू नये. १७९९ ची इमारत, ९५३ खिडक्या, आणि भर उन्हातही आत वारा खेळतो. जंतरमंतरला गाइड घ्याच, नाहीतर सम्राट यंत्र, म्हणजे तिथलं सावलीवरचं भलंमोठं घड्याळ, नुसता आकाशात गेलेला जिना वाटतो, गाइडने सावली कशी सरकते ते दाखवलं तेव्हा कळलं की हे घड्याळ दोन सेकंदांपर्यंत वेळ सांगतं. आमेरच्या किल्ल्यावर जाताना हत्तीवर बसायला आम्ही नाही म्हटलं, चालत गेलो, फार काही चढ नाहीये.

आता आग्रा. छापील कार्यक्रमात ताजमहाल शुक्रवारी ठेवला होता! अहो, शुक्रवारी ताज बंद असतो, हे टूरवाल्यांना मी सांगायचं? फोन केल्यावर शनिवार करून दिला, पण वर ‘मॅडम टायपिंग मिस्टेक’. तिकिटाचं पण लक्षात ठेवा, परदेशी पासपोर्टला ११०० रुपये, आपल्याला ५०, आणि मुख्य मकबऱ्यात जायचे २०० दोघांनाही वेगळे. भाचीकडे ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक असलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळतं ते) आहे त्यामुळे तिला आपल्याच रेटने मिळालं, कार्ड हॉटेलवर विसरू नका. वाटेत आभानेरीची चाँद बावडी म्हणजे जुनी पायऱ्यांची विहीर होती, साडेतीन हजार पायऱ्या खाली खाली उतरत जाणाऱ्या, मला तर ताजपेक्षा तीच जास्त आवडली, रागवू नका.

पण ज्यासाठी पोरी आल्या होत्या तो वर्ग. पहिल्या दिवशी भाचीने फळ्यावर ए काढला, आणि कोणी काही म्हणायच्या आत पोरांनी ए फॉर ॲपलपासून झेडपर्यंत एका दमात म्हणून टाकलं आणि वर फोटोसाठी दोन बोटं दाखवून उभी राहिली!! तिथल्या शिक्षिका हसून म्हणाल्या, ‘दीदी, ये तो सबको आता है’. कसं नाही येणार, थोड्या थोड्या दिवसांनी नवे पाहुणे येतात आणि जो तो ए पासूनच सुरू करतो. एजन्सीने त्या बाईंना आधी विचारलंच नव्हतं की तुम्हाला मदत नक्की कशात हवीये. आम्ही विचारलं तर लगेच उत्तर, वजाबाकीत.

एक मुलगी ४२ मधून १७ वजा करून ३५ लिहीत होती, दोनातून सात जात नाहीत मग सातातून दोन घालवले, हिशोब सोपा. बाईंनी दहा-दहा काड्यांना रबरबँड लावून जुड्या करून ठेवल्या होत्या, भाचीने फक्त शेजारी बसून एक जुडी सोडायला लावली आणि मोजायला लावलं, पंचवीस. तिचं हिंदी मोडकंतोडकं पण काड्यांना भाषा लागत नाही. पुढचे सगळे दिवस दोघी हेच करत राहिल्या, शिकवलं बाईंनीच. माझ्या मते बाहेरून आलेल्या माणसाने एवढंच करावं आणि नेमक्या ह्याच कामाला पॅकेजमध्ये जागा नव्हती.

दुसरं म्हणजे, ‘अनाथाश्रम भेट’ असा एक्स्ट्रा पर्याय होता, आम्ही काढून टाकायला लावला. मुलं काही बघायची जागा नाहीत. अशा प्रत्येक संस्थेची बाल न्याय कायदा २०१५ खाली नोंदणी असावीच लागते, तो कागद मागितला तर समोरून गोलगोल उत्तर आलं. आणि मुलांमध्ये जाणाऱ्या आम्हा तिघींपैकी एकीचंही पोलीस व्हेरिफिकेशन कोणी मागितलं नाही, हे मला सगळ्यात जास्त खटकलं. उद्या कोणीही पैसे भरून येईल की! फोटोंचं तेच, आईबापांना न विचारता कोऑर्डिनेटर धडाधड फोटो टाकत होता, बोलल्यावर काढले. मुलाबाबत काही विचित्र दिसलं तर १०९८ हा मुलांसाठीचा हेल्पलाइन नंबर लावायचा, तो नंबर वर्गात लावा असंही सांगून आले.

व्हिसाचं बरेच जण विचारतात म्हणून लिहिते. ई-टुरिस्ट व्हिसावर बिनपगारी छोटं स्वयंसेवी काम चालतं, जास्तीत जास्त एक महिना, त्याहून जास्त दिवस असं काम करायचं तर हा व्हिसा चालत नाही, एजन्सी काहीही म्हणू दे.

फिरण्याला पाचपैकी साडेचार, वर्गाला अडीच, आणि ते अडीच पण त्या बाईंमुळे. बुक करायचंच असेल तर थंडीत करा, मे-जूनमध्ये शाळेला सुट्टी असते आणि ऊन असं की आमेर चढायचं नाव काढणार नाही, आणि पैसे भरायच्या आधी वर्गातल्या शिक्षिकेशी फोनवर बोलायला मागा, एजन्सीने टाळाटाळ केली तर नुसतं साइटसीइंग घ्या, ते मात्र खरंच मस्त करतात.