जम्पर केबल की मल्टिमीटर?

जुनी गाडी, चावी फिरवली तर नुसतं 'टक्'; इंजिन फिरतच नाही. बहुतेक जण आधी जम्पर केबल (दुसऱ्या गाडीच्या बॅटरीतून करंट घ्यायची वायर) शोधतात. गाडी सुरू झाली की बॅटरीवर खापर फोडून मोकळे! पण केबलचा चिमटा लावताना सैल टर्मिनल हललं, तरीही गाडी सुरू होते. मग नवी बॅटरी येते आणि दोन दिवसांनी पुन्हा तेच 'टक्'. रस्त्यात अडकलात तर मात्र केबलच कामाची.

घरी असाल तर मी व्होल्ट मोजणारा मल्टिमीटरच घेईन आणि बॅटरीच्या दोन टर्मिनलना लावेन. रात्रभर उभ्या गाडीत 12.6 व्होल्टच्या आसपास म्हणजे बॅटरी भरलेली. आता कुणाला तरी चावी फिरवायला सांगा, नजर आकड्यावर ठेवा. 9.6 च्या खाली कोसळला तर बहुधा बॅटरीच गेली. 12.5 वरून हललाच नाही, तर करंट स्टार्टरपर्यंत (इंजिन फिरवणाऱ्या मोटरपर्यंत) पोचत नाहीये: गंजलेलं टर्मिनल, सोलेनॉइड (स्टार्टरला करंट जोडणारा स्विच), इग्निशन म्हणजे चावीचा स्विच. मग बॅटरीच्या निगेटिव्हपासून इंजिनच्या उघड्या धातूपर्यंत तपासा. चावी फिरवताना तिथे अर्ध्या व्होल्टहून जास्त दिसलं, तर अर्थिंगची पट्टी, म्हणजे निगेटिव्हला इंजिनशी जोडणारी वायर, खराब. जुन्या गाड्यांत ही पट्टी हमखास दगा देते, आणि तिच्याकडे कुणी बघतही नाही.