सायलेन्सर गरम होता: जुन्या स्प्लेंडरपायी नागपुरात बुडालेले 42,000 रुपये

42,000 रुपये गेले. 38,500 गाडीचे, 3,500 ‘नावावर करून देण्याचे’. त्यातले 2,000 टोकन आणि 10,000 नंतर, हे दोन्ही फोनवरून. उरलेले 30,000 रोख. त्या रोख रकमेची पावती नाही. हे आधीच सांगतो, कारण पुढचं सगळं त्या पावतीपाशीच अडलं आहे.

गाडी जानेवारी 2019ची स्प्लेंडर प्लस, एमएच 36, म्हणजे भंडारा पासिंग. भाचा पहिल्यांदाच गिअरची गाडी शिकणार होता. त्याला 100 सीसीची, साधारण 110 किलोचीच गाडी हवी. सिग्नलवर पाय नीट टेकतात, पडली तर एकट्याने उचलता येते, पार्ट कुठेही मिळतात. निवड चुकली नव्हती, हे आजही छातीठोकपणे सांगेन. चूक झाली ती गाडी पाहताना.

रिंग रोडला टिनाच्या शेडमध्ये पंधरा-वीस गाड्या लावून बसलेला माणूस. बोलणं गोड, चहा आधी, गाडी नंतर. आदल्या दिवशी त्याला फोनवर बजावलं होतं की आम्ही येईपर्यंत गाडी सुरू करू नका. सकाळी साडेनऊला पोचलो, सायलेन्सरच्या बेंडजवळ हात नेला, तर गरम. ‘आत्ताच धुतली भाऊ, पाणी सुकवाले सुरू केली होती. गाडी एकदम मक्खन आहे, टेन्शन नका घेऊ.’ मे महिना होता. नागपूरच्या मे महिन्यात अंगणात सांडलेलं पाणी पाच मिनिटांत वाळतं, आणि याला इंजिन लावावं लागलं! हात गरम सायलेन्सरजवळ असताना हे कळलं होतं. कळूनही गप्प बसलो. तिथूनच परत फिरायला हवं होतं.

इंजिन आधीच गरम का करतात? पिस्टनच्या रिंगा झिजल्या की कॉम्प्रेशन, म्हणजे सिलेंडरमधला दाब, पडतं, थंड गाडी चोक ओढूनही दहा-दहा किका मागते. व्हॉल्व्ह सील गेले असतील तर रात्रभर ऑइल खाली झिरपतं आणि सकाळच्या पहिल्या किकला निळा धूर येतो. इंजिन गरम असलं की यातलं काहीच दिसत नाही. वर या गाडीत नेहमीच्या पातळ 10डब्ल्यू-30 ऐवजी जाड ऑइल भरलं होतं, त्यामुळे टायमिंग चेनची खडखडही दबली. अकरा दिवस, 340 किलोमीटर. मग निळा धूर, आणि काढलं तर 900 मिलीतलं निम्मंच ऑइल उरलेलं. ब्लॉक-पिस्टन किट 3,200, टायमिंग चेन किट 1,100, हेडचं काम 1,450, क्लच प्लेट 750, ऑइल-गॅस्केट 650, मजुरी 1,700. एकूण 8,850.

मीटर 28,400 दाखवत होतं. पुढच्या चाकातली केबल काढून ठेवली की मीटर थांबतं, म्हणून मीटर पाहूच नका. गिअर लिव्हरचं आणि फूटरेस्टचं रबर पाहा, मागच्या स्प्रॉकेटचे, म्हणजे चेनच्या चक्राचे, दाते पाहा. इथे दाते हुकासारखे वाकलेले होते. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात, आठवडा आणि वर्ष. पुढच्या टायरवर 3116 होतं, म्हणजे 2016चा एकतिसावा आठवडा. टायर गाडीपेक्षा अडीच वर्षं म्हातारा, आणि वरून काळं पॉलिश!

कागदांचं आणखी वाईट. आरसीवर फायनान्स कंपनीचं नाव छापलेलं होतं. ‘हप्ते संपले, एनओसी आठ दिवसांत येते,’ म्हणाला. गाडी नावावर करायचे फॉर्म 29 आणि 30 सह्या करून हातात दिले, म्हणून विश्वास बसला. मी कागदांतला अडाणी नाही, पण सह्या समोर दिसल्या की माणूस सैल पडतो. फायनान्स कंपनीच्या लेखी संमतीशिवाय ट्रान्सफर होत नाही, आणि एचपी, म्हणजे आरसीवरची कर्जाची नोंद, उतरवायला फॉर्म 35 आणि कंपनीची एनओसी लागते. कर्जाचे 14,260 रुपये बाकी निघाले, वर 3,500 रुपयांची चलानं. एमपरिवहन ॲपवर गाडीचा नंबर टाकून एचपी पाहायला दोन मिनिटं लागतात, चलानं ई-चलानाच्या साइटवर दिसतात. टोकन देण्याआधी पाहा, नंतर नाही.

आता विक्रेत्याचा फोन बंद. फायनान्स कंपनी म्हणते, ज्याच्या नावावर कर्ज आहे त्यालाच एनओसी देऊ. आरटीओच्या खिडकीवर तीन खेपा झाल्या, प्रत्येक खेपेला वेगळी खिडकी, आणि शेवटी ‘एजंटला भेटा’. ज्या एजंटांपासून वाचायला लोक खिडकीवर येतात, त्यांच्याकडेच खिडकी पाठवते! पोलीस ठाण्यात तर कहर. ‘गाडी तुमच्याकडे आहे ना? मग फसवणूक कसली? दिवाणी मामला आहे, कोर्टात जा.’ कर्ज लपवून गाडी विकणं दिवाणी? भारतीय न्याय संहितेचं फसवणुकीचं कलम 318 मग कशासाठी आहे? मग पोलिसांनी विचारलं, रोख दिल्याचा पुरावा काय. मग साहेब बंदोबस्तावर. चार वेळा गेलो, अर्जाच्या प्रतीवर पोच म्हणून शिक्कासुद्धा मारून दिला नाही. शेवटी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173(4)प्रमाणे पोलीस वरिष्ठांकडे पोस्टाने तक्रार पाठवली. ठाण्यात नकार मिळाला तर त्याच आठवड्यात हे करा, आमच्यासारखा महिना घालवू नका.

एप्रिल 2023पासून जुन्या गाड्यांच्या विक्रेत्याकडे परिवहन खात्याचं अधिकारपत्र लागतं, फॉर्म 29बी. ते मागा. भिंतीवर देवाचा फोटो आणि कॅलेंडर होतं, 29बी नव्हता, आणि आम्ही विचारलंही नाही. चेसिस नंबर हँडलखालच्या फ्रेमवर असतो. चिंधीने पुसून आरसीशी एकेक आकडा जुळवा. तिथे ताजा रंग दिसला तर हात लावू नका. एप्रिल 2019 आधीच्या गाडीला एचएसआरपी, म्हणजे हाय सिक्युरिटी नंबर पाटी, नसेल तर तो खर्चही भावातून कापा. आणि रोख द्यायचीच झाली तर पावतीवर गाडी नंबर, चेसिस नंबर, रक्कम, सही, साक्षीदार.

पोस्टाची पोचपावती आली आहे, उत्तर नाही. गाडी अंगणात झाकून ठेवली आहे. इंजिन नवं झालंय, पण परक्याच्या नावावरची, थकलेल्या कर्जाची गाडी शिकाऊ पोराच्या हातात रस्त्यावर देणार नाही. भाचा अजून ‘आपली बस’नेच कॉलेजला जातो.